घर गळत होतं तोवर

गुरुजी,

तुमच्यावर राग आलाय म्हणून लिहायला बसले आहे. ख्यालीखुशाली विचारायची सोय तुम्ही ठेवलेली नाही, आणि माझ्याकडेही आज तेवढी सबुरी नाही. शाळेने तुमच्याबद्दल चार शब्द लिहून मागितले आहेत. तुमचा फोटो ऑफिसात लावायचाय, त्या दिवशी कुणीतरी जुन्या विद्यार्थ्याने बोलायचं, आणि माझी अंगणवाडी शाळेच्या आवारातच असल्यामुळे सगळ्यात आधी मीच सापडले. "ताई, तुम्ही गुरुजींच्या लाडक्या होता म्हणे," असं नवे हेडमास्तर म्हणाले. होते खरी. पेन हातात घेतलं, 'आमचे गुरुजी म्हणजे' एवढं लिहिलं, आणि पुढे जे यायला लागलं ते फोटोला हार घालताना वाचण्यासारखं नव्हतं. म्हणून तो कागद बाजूला ठेवला आणि हा घेतला. मेलेल्या माणसाबद्दल आपल्याकडे वाकडं बोलत नाहीत. तुमच्याबद्दल तर तुम्ही जिवंत असतानाही कुणी बोललं नाही. ते सगळं साठत साठत माझ्या वाट्याला आलेलं दिसतंय.

तुमच्या रविवारच्या टोळीत मी एकटी पोरगी. गावात ज्याचं घर पडायला आलंय, ज्याच्या घरात करतं माणूस उरलेलं नाही, त्याच्या दारात तुम्ही आम्हाला घेऊन जायचात. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलेलं. मातीत भुसा आणि शेण घालून चिखल तुडवायचा, भिंतीच्या भेगा भरायच्या, सरकलेले पत्रे जागेवर आणून त्यांवर दगड ठेवायचे. माझ्या आईने पहिल्याच रविवारी हरकत घेतली होती, पोरीच्या जातीनं लोकांच्या छपरावर चढायचं म्हणजे काय, म्हणून. तुम्ही आमच्या ओसरीवर येऊन बसलात आणि म्हणालात, "चढंल ती. उतरायलाबी शिकंल." आई हसली, आणि मग मी काय, सुटलेच. सहावीच्या उन्हाळ्यात तुम्ही मला एक थापी दिलीत. गवंड्याकडून मुद्दाम दांडा बारीक करून आणलेली, माझ्या मुठीत बसेल अशी. त्यानंतर आजपर्यंत मला कुणी काही माझ्या मापाचं करून आणून दिलेलं नाही. नवरा चपला आणतो त्यासुद्धा एक नंबर मोठ्या असतात, आणि मी त्याच घालते.

काम आटोपलं की जेवण तुमच्या खोलीवर. ज्याचं घर नीट केलं त्याच्या घरचा चहासुद्धा घ्यायचा नाही, हा दंडक. तुम्ही स्टोव्हसमोर उकिडवे बसून पिठलं घोटताय, आम्ही भिंतीला टेकून बसलोय, पायांवर वाळलेला चिखल तडतड सुटतोय, आणि भाकरी जाड झाली म्हणून तुम्ही स्वतःवरच चिडलाय. हे सगळं मला आजही समोर दिसतं. तेव्हाच तुम्ही तुमचे नियम सांगायचात. "घरच्या माणसाला काई इचारायचं न्हाई. गरिबाला त्याची गरिबी तोंडानं सांगायला लावू नये. डोळ्याला दिसतं तेवढं नीट करायचं अन् निघायचं." आणि त्याच्याच पाठोपाठ, "भिंतीला हात लावा, भांडणाला लावू नका." कुणाच्या घरात भावाभावांत काय चाललंय, सासूसुनेत काय चाललंय, त्यात आपण पडायचं नाही. आम्ही घास तोंडात ठेवून माना डोलवायचो. मला तर ते ऐकून अंगावर काटा यायचा, इतकं भारी वाटायचं. आणि खरं सांगते, त्यातलं अर्धं मला अजूनही पटतं. म्हणूनच चीड जास्त येते.

तर ऐका, यंदा काय झालं ते. तुमची टोळी आम्ही काही वर्षांपूर्वी पुन्हा उभी केली. मी आहे, सेनगाव रोडचे वेल्डर चाचा आहेत, तुमच्या टोळीत हात कमी आणि तोंड जास्त चालवणारा आपला किराणावाला आहे, आणि रविवारी घरी बसवत नाही अशी आणखी काही मंडळी. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश होऊन एकदा वसमतच्या बाजारात गेली की माणसं मोकळी होतात. तेव्हापासून पेरणीपर्यंत एकदोन घरं होतात. वर्गणी काढतो, पाईप कुणी देतं, सिमेंट कुणी देतं. नियम तुमचेच. कुणी विचारलं, एवढं करता पण त्या घरचं पाणीसुद्धा का घेत नाही, तर मी छाती फुगवून सांगायची, आमच्या गुरुजींनी घालून दिलंय.

यंदा मावशीचं घर घेतलं. मावशी म्हणजे गावाच्या टोकाला शेळ्या राखून राहते ती. तुम्ही तिला नवी नवरी म्हणून पाहिली असेल. नवरा तापाने गेला, एकुलती एक लेक वसमतकडे दिली. सासऱ्याने बांधलेलं मातीचं घर, त्यात ती एकटी. पत्र्याला इतकी भोकं की दुपारी आत बसलं तरी अंगावर ऊन पडायचं. आम्ही ठरवलं, या वेळी मलमपट्टी नको, एकदाचं पक्कं करून टाकू. चाचांनी पाईपांचा सांगाडा जोडला, वर नवे कोरे पत्रे घातले, ते हुकांनी आवळले. भिंतींना गिलावा झाला, खाली फरशी झाली. मावशी पहिल्याच दिवशी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, लई चांगलं नका करू. पानी गळायचं थांबलं म्हंजे झालं." मी हसले. मला वाटलं भिडस्तपणा. चाचा वरून ओरडले, "मौसी, काम करेंगे तो अच्छाच करेंगे." ती पुन्हा एकदा तेच म्हणाली, फरशी आली त्या दिवशी. पुन्हा आम्ही हसलो. अशी का म्हणते, हे विचारावं असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. विचारायचं नाही हाच तर धडा होता ना तुमचा.

दुसऱ्या रविवारी तिचे दीर आले. हिंगोलीला मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, कामाला असतात, भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. वर्षानुवर्षं गावाकडे फिरकले नव्हते. येताना पिशवीभर चिवडा घेऊन आले, शिडी धरून उभे राहिले, दुपारी आमच्याबरोबर चिखलात हात घातले. तुमच्याच टोळीतले ते, चिखल तुडवण्यात त्यांचा हात कोण धरणार! "खिडकी मोठी ठेवा, उजेड पाहिजे," म्हणाले. आम्ही ठेवली. "मोरीलाबी फरशी टाका की, एवढं केलंच आहे तर," म्हणाले. आम्ही टाकली. आणि मी, गुरुजी, मी या तोंडाने म्हणाले की दीर असावा तर असा. त्या वेळी मावशी शेळ्या सोडून रानाकडे निघाली होती. चैताच्या टळटळीत दुपारी, जेव्हा शेळ्यासुद्धा सावली सोडत नाहीत, तेव्हा. मी तिला जाताना बघितलं. बघितलं आणि पुन्हा घमेलं उचललं.

पुढचं तुम्हाला कळलं असेलच, तुम्ही हुशार होता. दिरांच्या पोराचं लग्न जमत नव्हतं. आता मुलीकडचे आधी घर बघायला येतात, मग पोरगं बघतात. हिंगोलीच्या भाड्याच्या खोल्या बघून स्थळं चहा पिऊन परत जायची. आम्ही मात्र त्यांना घर तयार करून दिलं, तेही मोठ्या खिडकीचं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय. मला हे कळलं ते असंच सहज. आपण केलेलं काम अधूनमधून जाऊन बघायची मला खोड आहे, कौतुकाची खोड म्हणा. गेले तर नव्या दाराला कुलूप, आणि मागे शेळ्यांच्या खोपटातून चुलीचा धूर.

"मावशी, तुमी इथं काहून?"

"पाव्हणे आलते घर बघायला. भाऊजी म्हनले, चार दिस शेळ्यांपाशी ऱ्हा. म्हातारं मानूस अन् बोचकी दिसली की पाव्हण्याला बरं वाटत न्हाई."

"मग पाव्हणे गेले की आता."

"गेले. पसंत केलं."

"पोराला?"

"घराला," ती म्हणाली, आणि चुलीत काटकी सरकवली. "आता लगीन होईस्तोवर इथंच ऱ्हा म्हनले. मंग पोरगं-सून राहायला येनार. मला काय बाई, शेळ्यायला सोबत झाली." मग तिने मान वर केली. तिला माझी कीव आली असावी, कारण आवाज मऊ करून म्हणाली, "म्या म्हनलं व्हतं तुमाला, लई चांगलं करू नका. घर गळत होतं तोवर माझं होतं."

गुरुजी, मी तिथून कशी परत आले ते मला सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी दिरांना गाठलं. ते शांत. बापाच्या नावावरचं घर आहे, म्हणाले, त्यात माझाबी वाटा आहे, अन् वहिनीला आम्ही काय वाऱ्यावर सोडलंय का, खोपटावरबी पत्रा टाकून देऊ. सरपंचांकडे गेले. ते म्हणाले, घरातलं आहे, घरातल्या घरात मिटवा. मी पुन्हा दिरांकडे गेले आणि आवाज चढवला, तेव्हा ते हसले. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. हसून म्हणाले, "बाई, इसरलीस का? आपल्याला गुरुजीनं काय शिकवलं? भिंतीला हात लावा, भांडणाला लावू नका. तुमी भिंत केली, लई उपकार झाले. आता भांडन आमचं आहे." तुमचं वाक्य, तुमच्याच चालीत, अगदी तुमच्यासारखी मान हलवून. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या मी, पण बोंब मारायला आपल्याच गुरुजींचं तोंड उसनं घेतलेलं पहिल्यांदा बघितलं.

टोळी बसली अंगणवाडीच्या ओट्यावर. मी सगळं सांगितलं. सगळे हळहळले. मग किराणावाला म्हणाला, "वाईट झालं ताई, पन गुरुजी तसं म्हनायचे, हे बी खरंच आहे." आणि सगळ्यांनी माना डोलवल्या. तशाच, पिठलं खाताना डोलवायचो तशा. गुरुजी, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तुमचं हाडसुद्धा उरलं नसेल, आणि त्या ओट्यावर बसलेल्या इतक्या माणसांत सगळ्यात जास्त जिवंत तुम्ही होता. मला त्या क्षणी तुमची थापी नेऊन विहिरीत फेकावीशी वाटली.

कारण मला विहिरीजवळची आजी आठवली. तुम्हाला आठवते का? आठवायलाच हवी. सातवीत होते मी. आपण तिचं छप्पर शाकारलं, भिंती लिंपल्या, मी माझ्या नव्या थापीने तिची चूल घातली. दिवाळीनंतर तिचा पुतण्या बायको-लेकरं घेऊन येऊन त्या घरात बसला, आणि आजी फाट्यावरच्या एसटीच्या शेडमध्ये, गाठोडं उशाला घेऊन. मी वर्गात उभी राहून विचारलं होतं, "गुरुजी, आजी शेडमधी काहून ऱ्हाते? घर तर आपण चांगलं केलं ना?" तुम्ही फळ्यावर काहीतरी लिहीत होता. हात थांबला. वळला नाहीत, पाठमोरे राहूनच म्हणालात, "खाली बस. आपण भिंती लिंपतो. लोकांच्या घरात नाक खुपसत न्हाई." सगळा वर्ग हसला. पोरीची जात, नाक खुपसणारच, असं कुणीतरी मागून म्हणालं, आणि तुम्ही त्याला गप्प केलं नाहीत. मी बसले. त्यानंतर मी कुठल्याच घरात कधी काही विचारलं नाही. तुमची लाडकी म्हणतात मला, ती त्यामुळेच.

आणि तुम्हाला माहीत होतं. आजवर मी स्वतःची समजूत घालत आले की गुरुजींना माहीत नसावं, भोळा माणूस. पण त्या ओट्यावर बसल्या बसल्या मला तुमचा डबा आठवला. शाळा भरायच्या आधी तुम्ही फाट्यापर्यंत चालत जायचात, हातात पितळी डबा असायचा, आणि परत येताना तो हलका असायचा. झाकण सैल होऊन वाजायचा. आम्ही पोरं म्हणायचो, गुरुजी फाट्यावर नाश्ता करतात. तुम्ही आजीला भाकरी नेऊन द्यायचात. ती मरेपर्यंत देत होता. एवढी दया होती तुमच्या पोटात, मग पुतण्याच्या दारात जाऊन एकदा ओरडायला काय झालं होतं? गाव तुमच्या शब्दाबाहेर नव्हतं. तुम्ही दारात उभे राहिला असतात तर त्या पुतण्याने निमूट सामान उचललं असतं. पण तुम्हाला सगळ्यांचे गुरुजी राहायचं होतं, पुतण्याचेसुद्धा. तुम्ही तिला भाकरी दिलीत, कारण भाकरीने कुणाचं मन दुखावत नाही. मला तुमच्या नियमापेक्षा त्या डब्याचा राग जास्त येतो. तो आठवला की तुमच्यावर धड रागावताही येत नाही, आणि मग त्याचाच आणखी राग येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोपटात गेले, शेळीच्या चाऱ्याच्या पाटीपाशी बूड टेकलं आणि तुमचा पहिला नियम मोडला. विचारलं. "मावशी, तुमाला काय पाहिजे? आमाला काय वाटतं ते सोडा. तुमाला काय पाहिजे?" तिला नीट कळलंच नाही आधी. असं तिला कुणी विचारलेलं नसावं. मी म्हटलं, तहसीलला जाऊ, वकील बघू, तुमचाबी हक्क आहे कायद्यानं. ती शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "कोर्टाचं लई लांबचं काम बाई. माझं वय पुरायचं न्हाई," म्हणाली. मग म्हणाली, "तुमी घातलेले पत्रे तुमी काढून न्या. माझे जुने आहेत मागं, शेळ्यायच्या चाऱ्यावर झाकलेले. ते घालून द्या."

"मावशी, ते गळतात!"

"तर! गळतात म्हनून तर पाहिजेत."

भीक नको पण कुत्रं आवर, अशी पाळी आम्ही तिच्यावर आणली होती. आणि आवरायला ती आम्हालाच सांगत होती, म्हणजे कुत्रं कोण ते समजून घ्या.

मी ओट्यावर येऊन सांगितलं. मग एक म्हणाला, लग्न तोंडावर आलंय, पोराचं लग्न मोडलं तर पाप लागेल. त्याचं चूक नव्हतं. मलाही त्या न बघितलेल्या मुलीचं वाईट वाटत होतं, खिडकी बघून हो म्हणालेल्या. पण म्हातारीला शेळ्यांत लोटून मांडलेल्या संसारात तिला सुख लागलं असतं का, हेही मला कळत नव्हतं. किराणावाला पुन्हा "गुरुजी म्हनायचे" म्हणायला लागला. मी ओरडले त्याच्यावर. काय ओरडले ते लिहीत नाही, तुमच्याबद्दलही त्यात दोन शब्द होते. शेवटी चाचा उठले, खिशातून पाना काढला आणि म्हणाले, "मैंने बांधा, मैं खोलता. जिसको आना है आओ." चाचा तुमच्या शाळेत कधी नव्हते. त्यांना तुमचा एकही नियम पाठ नाही.

रविवारी सकाळी आम्ही शिडी लावली. आधी मी चढले. तुम्हीच शिकवलेलं, वजन कुठं टाकायचं, पाय कुठं ठेवायचा. मावशी खाली शिडीला धरून उभी. हुकांचे नट अजून नवे होते, चटचट सुटत होते. एकेक पत्रा खाली जायला लागला तशी गल्ली गोळा झाली. मांडव कुठे घालायचा ते बघायला दीर आलेलेच होते, ते धावत आले. चोरी करायले, दिवसाढवळ्या घर लुटायले, पोलिसात देतो एकेकाला, असा आरडाओरडा सुरू झाला. चाचा वरूनच म्हणाले, "अरे भाई, पत्रा हमारा, हुक हमारा, पाईप हमारा. तुम्हारा क्या है? ताला. वो रख लो." लोक हसले. दीर मग माझ्याकडे वळले, वर बघून म्हणाले, "गुरुजी असते तर त्यांनी तुला थोबाडलं असतं." मी पत्रा हातात धरून उभी होते, ऊन डोळ्यांत येत होतं. मी म्हणाले, "असते तर आधी त्यांनाच जाब इचारला असता." आयुष्यात पहिल्यांदा तुमच्याविरुद्ध मोठ्याने बोलले, गुरुजी, तेही अख्ख्या गल्लीसमोर. कुणीही हसलं नाही.

मग दीर वहिनीकडे गेले. तिला काय बोलले ते वरून ऐकू आलं नाही. पण तिचं ऐकू आलं, कारण तिने शेळ्यांना हाक मारायच्या आवाजात उत्तर दिलं. "या की भाऊजी, राहा. तुमचाबी वाटा आहे, म्या कुठं न्हाई म्हनते? घर हे असं आहे. या, मिळून भिजू." त्या मोठ्या खिडकीतून आता आतलं सगळं दिसत होतं. दिरांचं नवं कपाट, नवा पलंग, त्यावर प्लास्टिकसुद्धा तसंच, आणि वर मोकळं आभाळ. दुपारी टेम्पो आला आणि ते सामान गेलं. कुलूप काढून दिरांनी खिशात घातलं. मला त्यांची दया आली नाही. आता थोडी येते. लग्न मोडलं नाही, हेही सांगते. हिंगोलीतच झालं. सुनेला म्हणे खेड्यात राहायचंच नव्हतं, तिने घर बघायला आली त्याच दिवशी आईला तसं सांगितलं होतं. तिलाही कुणी विचारलं नव्हतं.

टेम्पो गेल्यावर आम्ही मावशीचे जुने पत्रे घातले. ते काम तुम्हाला कसं सांगू. हयातभर ज्या हातांनी भोकं बुजवली त्याच हातांनी भोकांचे पत्रे वर चढवले, दगड ठेवले, खाली उतरले. चाचा एकदोन भोकांना डांबर लावू का म्हणून विचारत होते. विचारत होते, हे बघा. मावशी म्हणाली, "हातरुनाच्या वर तेवढं लावा. बाकी ऱ्हाऊ द्या." तेवढंच लावलं. आणि मग तिने आम्हा सगळ्यांना चहा केला, शेळीच्या दुधाचा, आणि आम्ही प्यालो. नवे पत्रे अंगणवाडीच्या मागे रचून ठेवलेत. पाऊस पडतो तेव्हा मी इथे कोरड्यात लेकरांना खिचडी वाढत असते आणि त्या रचलेल्या पत्र्यांवर पाणी तडतडताना ऐकते. तिकडे मावशी घमेली-पातेली मांडून बसलेली असते. त्या दिवशी जिंकलो असं सगळे म्हणाले. गळक्या घरात म्हातारी बसवणं म्हणजे जिंकणं असेल, तर जिंकलो. माझा संताप अजून उतरलेला नाही, आणि तो उतरूही नये असं मला वाटतं.

आता टोळीचा नियम बदललाय. कुणाच्याही घराला हात लावायच्या आधी आत जाऊन बसायचं आणि घरातल्या बाईला विचारायचं, हे घर कुणाच्या नावावर आहे, आम्ही नीट केलं तर तुम्हाला इथं राहू देतील का. पुढच्या उन्हाळ्याची घरं आत्तापासूनच बघतोय, आणि हे मीच विचारते, बाईमाणूस म्हणून. बहुतेक बायका आधी हसतात, मग दाराकडे बघून हळू आवाजात बोलायला लागतात. तुमचा मान राखून सांगते, गुरुजी, गरिबी सांगताना त्यांना वाटत नाही एवढी लाज हे सांगताना वाटते. तरी सांगतात. आम्ही ऐकतो. मग ठरवतो की पत्रा आधी की भांडण आधी.

शाळेला मी दुसरं काहीतरी लिहून देणार आहे. थापीचं लिहीन, पिठल्याचं लिहीन. ते खोटं नाही. हे मात्र ट्रंकेत राहील. एक गोष्ट कबूल करायला हवी. तुमच्यावर ओरडणं मला परवडतं. तुम्ही उलटून बोलणार नाही, ताट आपटणार नाही, माहेरी जा म्हणणार नाही. गावातल्या इतक्या बायकांना त्यांच्याच चुलीपाशी बसून मी तो प्रश्न विचारला आहे. आमच्या घराला नवऱ्याने औंदा रंग दिलाय, पुढे पत्र्याची पडवी काढली आहे, बघणारे छान झालं म्हणतात. ते घर कुणाच्या नावावर आहे, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.